चुन्याचं बोट

गुंडूतात्या माणसाला तोंडावरून ओळखत नसत, छपरावरून ओळखत. "कोन पाटलीन? त्या आढ्याला बाक आलेल्या घरातली व्हय?" असं त्या पाटलीणबाईंच्या समोरच विचारायचे, आणि वर त्यांनाच बजावायचे, "आढं बगून घ्या तेवढं." गल्लीतून चालताना मान कायम वर. एकदा गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात त्या दूध कट्ट्यावर उभ्या असलेल्या म्हशीला जाऊन धडकले. म्हशीचा मालक ओरडत आला, तर तात्या म्हशीलाच दटावत होते, "सरक की बाजूला! मानूस वर बगालाय, दिसंना व्हय तुला?"

तात्या कौलं चाळायचे. म्हणजे पावसाळ्याआधी छपरावरची कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची आणि धड असतील ती पुन्हा ओळीनं बसवायची. मूळचे नेसरीकडचे. आमच्याकडं छपराचं काम येत नसेल त्याला कुणी पोरगी देत नाही, असं सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. अंगानं काटकुळे, उन्हानं करपलेले, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायाची बोटं अशी फाकलेली की कुठलीच चप्पल त्यांना नीट बसायची नाही. लहान-थोर सगळ्या बायकांना 'अक्का' म्हणायचे. मी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटी, तरी अक्काच.

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. मोसमी वारे, पर्जन्यछाया, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण पाऊस घरात कसा शिरतो ते मात्र मला तात्यांकडून कळलं. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. त्यांच्यावर लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसले.

आमचं घर मंगळवार पेठेत. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागं माळा आणि कौलं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मागची खोली टपटपायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी तात्यांना निरोप धाडला. तात्या आले, दारातूनच वर बघितलं आणि म्हणाले, "आता न्हाय. उन्हाळ्यात येतो."

मला राग आला. नवी नवरी होते, पण जीभ काही नवी नव्हती. म्हटलं, "उन्हाळ्यात येऊन काय करणार? गळतंय आत्ता!"

"अक्का, गळतंय त्ये आंधळ्याला बी कळतंय. पानी लई लबाड. एकीकडनं शिरतंय, वाशावरनं सरपटत जातंय आनि भलतीकडंच खाली उतरतंय. थेंबाच्या मागं लागला तर येडं व्हशीला. भोक उन्हात सापडतंय."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"पातेलं ठेवा की," म्हणाले आणि गेले.

बोलल्याप्रमाणे चैत्रात आले. भर दुपारी बारा वाजता घरातली सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितली. फटींना पोती लावली. मग माळ्यावर चढून काळोखात गप्प बसून राहिले. मी शिडीवरून डोकं वर काढून बघितलं. काळ्याकुट्ट छपरात उन्हाचे बारीक बारीक ठिपके दिसत होते. तात्या हळू आवाजात म्हणाले, "सांध्यातला उजेड मऊ असतोय. चिरेतला टोचतोय. त्यो बगा, त्यो टोचालाय." मला सगळे सारखेच दिसत होते. त्यांनी तेवढंच एक कौल काढलं, उलटं धरलं, आणि खरंच त्याला टोकापासून टोकापर्यंत चीर गेलेली होती.

नवं कौल बसवताना त्याच्या आतल्या बाजूला ते चुन्याचं एक बोट ओढायचे. तंबाखूच्या डबीतला चुना, आणि करंगळीशेजारच्या बोटानं एकच रेघ. मी विचारलं तर म्हणाले, "ही माजी सही. चुना असंल त्या कौलातनं थेंब आला तर जबाबदारी गुंडूची. त्या दिवशी शिडी इकून टाकीन." आणि चाळीस वर्षांत ती शिडी विकायची वेळ आली नव्हती. पेठेत घर दाखवताना लोक 'छपराला तात्यांचा हात लागलाय' असं आवर्जून सांगायचे. तात्या हे ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे, पण टोपी नीट करायचे. त्यावरून कळायचं की ऐकलंय.

त्यांची कीर्ती कौलांपुरतीच नव्हती. कोपऱ्यावरच्या वकिलांनी स्लॅबचा नवा बंगला बांधला आणि पहिल्याच पावसात हॉलचं छत गळालं. कंत्राटदारानं दोनदा गच्ची उकरली, दोनदा लिंपली, गळती तशीच. शेवटी वकिलीणबाईंनी तात्यांना बोलावलं. तात्या ऐन मे महिन्यात गेले. सोबत तीन बादल्या. एकीत नीळ कालवली, एकीत कुंकू, एकीत हळद. गच्चीच्या तीन ठिकाणी मातीची आळी करून तीन रंगांचं पाणी ओतलं आणि खाली हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन बसले. वकील म्हणाले, "तात्या, हा काय पोरखेळ?" तात्या म्हणाले, "चा सांगा. रंग येऊस्तोवर टाइम लागंल."

दोन चहा झाले. तिसरा कपात ओतत असताना पंख्याच्या हुकापाशी पांढऱ्याशुभ्र छतावर पिवळा डाग उमटला आणि पसरायला लागला. तात्या उठून उभे राहिले आणि ओरडले, "लागली हळद!" वकिलीणबाईंची थोरली मुलगी लग्नाची होती. ती आतून पळत आली. त्या घरात ते वाक्य अजून सांगतात. हळदीचं पाणी टाकीच्या पाइपापाशी ओतलेलं होतं, आणि भोक तिथंच निघालं.

तोंडाला मात्र काही लगाम नाही. शेजारचे जोशीकाका गेले तेव्हा तात्या भेटायला आले. सगळे जमिनीवर बसलेले. तात्या टेकले, हात जोडले, एक सुस्कारा सोडला आणि वर बघून म्हणाले, "मानूस सोन्यासारखा हुता. तिसऱ्या वाशाला वाळवी लागलीया." सगळ्यांनी वर बघितलं. रडणाऱ्या काकूंनीसुद्धा बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कुणी न बोलावता नवा वासा खांद्यावर घेऊन हजर. "बाराव्याला पावनं यायचं, घर भरनार. कुनाच्या डोस्क्यात पडायला नगो," म्हणाले. काकू अजून त्यांचं नाव काढलं की पदर डोळ्याला लावतात.

त्यांची एक सवय मला कैक वर्षं कळलीच नव्हती. काम करून गेले की सात-आठ महिन्यांनी, थंडीत कधीतरी, तात्या अचानक दारात उभे राहायचे. "अक्का, चा ठेवा." मी चहा ठेवेपर्यंत ते घरभर हिंडायचे. भिंतीला पालथा हात लावायचे, कपाटाचं दार उघडून नाक आत घालायचे. मला वाटायचं, म्हातारा चहाचा लोभी आहे आणि चौकसही आहे. पुढं कळलं की ते आपलं काम तपासायचे. "पाऊस सरला म्हंजे गळती सरली असं न्हाय. भिंत प्यालेलं पानी थंडीत वर येतंय," हे त्यांनीच सांगितलं.

तीनेक वर्षांमागं मे महिन्यात वळीव आला. त्याला पाऊस म्हणावा की दगडफेक? लिंबाएवढ्या गारा, वारा असा की समोरच्या घराचा पत्रा आमच्या दारात येऊन पडला. आमच्या मागच्या छपराची बरीच कौलं फुटली. दुसऱ्याच दिवशी तात्या आले. सत्तरी ओलांडलेली, पण खारीसारखे चढले. गल्लीतली नऊ घरं त्यांनी पंधरा दिवसांत केली. आमच्या ह्यांना तेव्हाच तो रंगीत पत्रा घालायचा होता. "कुठं ह्या कौलांचा नाद करतेस? तात्या किती दिवस चढणार?" मी भांडून कौलं ठेवली. म्हटलं, तात्यांनी केलंय, आता थेंब येणार नाही.

सगळा पावसाळा गेला, थेंब आला नाही. दिवाळी झाली. संक्रांतीच्या आधी दोन दिवस मी काळी साडी काढायला मागच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं. साडी तळाला होती. हातात घेतली तर तिच्यावर पांढऱ्या बुरशीची नक्षी. रंगीत साडी असती तर कळलंही नसतं, काळीवर सगळं उठून दिसलं. कपाट ओढून बाजूला केलं. मागची फळी कुजून हातात आली आणि भिंतीवर परातीएवढा ओला डाग. वळवापासून आठ महिने भिंत गुपचूप पाणी पीत होती आणि आम्ही त्याच खोलीत सुखानं झोपत होतो!

साडीचं मला काही वाटलं नाही. काळजी वाटली ती तात्यांची. ह्यांना कळलं तर पत्रा आलाच. पण गल्लीला कळलं तर? चाळीस वर्षं जपलेला शब्द माझ्या कपाटामागं कुजून पडलेला होता. मी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. आपणच दुसरा कुणी कारागीर बघू आणि गुपचूप दुरुस्त करून घेऊ. खोलीचं दार ओढून घेतलं.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तात्या दारात. "अक्का, चा ठेवा."

मी आधी धावत जाऊन मागच्या खोलीत धूप घातला. भरपूर घातला. घरभर धूर. तात्या आत आले, उंबऱ्यातच थांबले आणि नाक वर केलं.

"आज कसला सन हाय?"

"गुरुवार," मी म्हटलं.

"आज बुदवार हाय, अक्का."

ते सरळ मागच्या खोलीकडं गेले, दार ढकललं आणि पालथा हात पुढं करून भिंत चाचपत चालले. मी मागं मागं. हात डागापाशी आला आणि थांबला. आता तात्या डाग बघणार आणि कोसळणार, असं मला वाटलं. डाग त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता, खिडकीतून लख्ख उजेड पडलेला. तात्या म्हणाले, "केवढा हाय?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. मग कळलं.

"तात्या, तुम्हाला दिसत न्हाई?"

"उजवा डोळा गेल्या उन्हाळ्याच्या आदीच गेलाय. डावा बी आता धुकं दावालाय. मोत्याबिंदू." भिंतीवरचा हात तसाच होता. "म्हटलं, हात हाय की. चिरलेलं कौल हाताला कळतंय. सगळी कौलं हातानं बगून बसवली. केसाएवढी चीर न्हाय कळली. केवढा हाय, सांगा की."

"परातीएवढा," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. तात्या जरा रागानंच म्हणाले, "रडाय काय झालं? आनि लपवाय काय झालं? मला सांगितलं असतं तर मी काय तुमास्नी खानार हुतो?"

"तुमच्या शब्दाला धक्का लागला असता."

"शबूद काय करायचाय? भिंत पडली म्हंजे?" एवढं बोलून घड्याळात बघितल्यासारखं मनगट वर केलं, पण त्या मनगटावर घड्याळ नव्हतंच. "ऊन डोक्यावर यायला लागलंय. दारं लावा. वर जायचं."

"कोण जायचं?"

"तुमी. मी सांगतो खालनं."

मी बासष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. हे बाहेर गेले होते, नाहीतर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. पदर खोचला आणि शिडी चढले. वर्गात तीस वर्षं पोरींना 'मी आले' म्हणा, 'मी आलो' नका म्हणू असं घोकवलं, आणि तात्यांनी खालून "पोचला का?" विचारलं तर तोंडातून निघालं, "आलो की!"

काळोखात बसून राहिले. हळूहळू डोळे सरावले आणि ठिपके दिसू लागले. "ईशान्येला तीन दिसतायत," मी ओरडले.

"तुमचं ईशान्य-बिशान्य नगो! देवघराकडनं वासं मोजा. कितव्या वाशाला?"

मोजले. चौथ्याला मऊ उजेड, तो सांधा. सहाव्याला मऊ. सातव्यापाशी, डागापासून चांगलं चार हात वर, ठिपका नव्हता, एक रेघ होती. दोऱ्याएवढी. पण डोळ्याला खुपली. आयुष्यात पहिल्यांदा मला 'टोचणं' म्हणजे काय ते दिसलं.

"सापडलं, तात्या! सातवा वासा, वरनं तिसरं कौल."

खालून अगदी सावकाश आवाज आला, "त्याला चुना हाय का बगा."

मी मोबाइलचा उजेड पाडला. कौलाच्या पोटावर, चिरेला अगदी लागून, पांढरं बोट ओढलेलं होतं. नेहमीचं सरळ नाही, जरा वाकडं.

"न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई?"

"न्हाई. जुनंच कौल दिसतंय."

तात्या म्हणाले, "मास्तरीनबाई, पोरं खोटं बोलली तर कान पिळत हुता न्हवं तुमी? मग आता मी वर येऊ?"

शिडी हलल्याचा आवाज आला. हा माणूस दिसत नसतानाही वर चढेल याची मला खात्री होती. "चढू नका! हाय. चुना हाय, तात्या."

मी खाली उतरले तेव्हा ते शिडीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. हात मांडीवर, चेहरा राखेसारखा. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "ह्या एकाचं काय न्हाय, अक्का. गारांच्या मागनं नऊ घरं केली मी. तुमचं धरून नऊ. समदी ह्याच हातानं."

"कुठं गळलं असतं तर लोकांनी सांगितलं असतं की."

"तुमी सांगितलं?"

मी हाताला लागलेली माळ्याची धूळ पदराला पुसली.

"चला," ते उठले. "आठ घरं सांगून यायची. ऊन हाय तोवर बगून घेतील."

मी खूप समजावलं. आपण एकेकाला हळूच सांगू, दुसरा माणूस लावून कौलं बदलून घेऊ, तुमचं नाव मध्ये कशाला? तात्या भडकले. "नाव घिऊन काय चाटायचंय? त्या वाशांखाली पोरंबाळं झोपत्यात! एखादा वासा आतनं कुजला, पडला, तर नाव आडवं घालू व्हय मी?"

मग निघालो. हात धरू देईनात, म्हणून माझ्या छत्रीचं एक टोक मी धरलं आणि दुसरं त्यांनी. जानेवारीचं स्वच्छ ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हा म्हातारा दारोदार सांगत चाललेला, "मी गुंडू. गेल्या उन्हाळ्यात तुमची कौलं केली, तवा मला दिसत नव्हतं. मी बोललो न्हाय. चुकलं. वर बगून घ्या." पहिल्या घरात लोक हसले, त्यांना चेष्टा वाटली. दुसऱ्या घरातला तरणा मालक तडकला, "मग पैसे कशाला घेतले?" तात्या म्हणाले, "खरं हाय तुमचं. माजी शिडी न्या, मला आता तिचा उपेग न्हाय." तो गृहस्थ शिडी न मागताच आत गेला. एका घरात चहाला बसवलं, तात्या बसले नाहीत. दोन घरांत माळ्यावर जाऊन लोकांनी बघितलं, सगळं ठीक निघालं. तरी तात्यांचा चेहरा सैल झाला नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी लेक येऊन त्यांना नेसरीला घेऊन गेली. ऑपरेशन झालं, डावा डोळा बराच सुधारला असं कळलं. मी भेटायला जायचं ठरवत राहिले आणि पुढच्या श्रावणात ते गेल्याची बातमी आली. आमच्या छपरावर अजून कौलंच आहेत. ह्यांनी परत पत्र्याचं नाव काढलं नाही. पण तात्यांना मी शेवटचं बघितलं ते त्या दुपारी, नवव्या घराच्या अंगणात.

तिथं नवं लग्न होऊन आलेली सून एकटी होती. तात्यांचं ऐकून ती गोड हसली. "तात्या, आमच्यात काय गळत न्हाई. सासरे सांगतात की, तुमचा हात लागलाय म्हणजे गळायचं नावच न्हाई."

एरवी टोपी नीट केली असती. त्यांनी ती डोक्यावरून काढली आणि दोन्ही हातांत धरली. "पोरी, असलं बोलू नगंस. पाया पडतो तुज्या. दारं लावून येकदा वर जा."

ती घाबरली, माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. ती आत गेली. एकेक खिडकी लागल्याचा आवाज आला. आम्ही दोघं उन्हात उभे. तात्यांनी तोंड वर केलं होतं, छपराकडं, म्हणजे जिकडं त्यांना छप्पर वाटत होतं तिकडं. छत्रीचं टोक त्यांनी कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. मी उन्हाला चुकवत भिंतीच्या सावलीला सरकले होते.

आतून पोरीची किंकाळीच ऐकू आली. "तात्या, हाय! दोन ठिकाणी हाय! वासा पार काळा पडलाय, हाताला भुगा लागलाय!"

तात्यांचं सगळं अंग सैल झालं. हसायलाच लागले. दात नसलेलं, लहान पोरासारखं हसू, आणि डोळ्यांतून पाणी. ते उजवीकडं वळले. मी डावीकडं उभी होते. त्या रिकाम्या जागेला ते म्हणाले, "बगा अक्का, सापडली! पडायच्या आदी सापडली!"

मी पाय न वाजवता मागून फिरून त्यांच्या उजवीकडं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "व्हय तात्या. सापडली."